विस्कॉन्सिनवाल्यांना चालेल का?

"मला ना ती मनापासून आवडते गं, पण ती निवडून यायची नाही." २०१९च्या उन्हाळ्यात आयोवात कुणाशीही डेमोक्रॅटिक पार्टीच्या प्रायमरीवर (राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं पक्षांतर्गत मतदान) बोलायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हे यायचंच. "ती" म्हणजे कधी एलिझाबेथ वॉरन, कधी कमला हॅरिस, आणि "तो" असला तर बर्नी सँडर्स नाहीतर पीट बुटिजेज. गंमत म्हणजे बोलणारा स्वतः मतदार, त्याच्या हातात खरंखुरं मत, पण बोलणार असा की जणू मत दुसऱ्याच कुणाचंतरी आहे आणि हा फक्त टीव्हीवर बसून अंदाज सांगतोय.

आम्ही डे मॉइनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. इन्शुरन्स कंपन्यांचं गाव, त्यामुळे आयटीतली मराठी घरं बऱ्यापैकी, गणपतीला शाळेचा हॉल भरतो एवढी. उरलेल्या अमेरिकेला या राज्याची आठवण चार वर्षांतनं एकदाच यायची, पण यायची तेव्हा अशी यायची की विचारू नका, कारण पहिला कौल आमचा असायचा. त्या वर्षी वीसच्या वर उमेदवार होते. ऑगस्टमधल्या स्टेट फेअरला सगळे ओळीनं हजर, लोण्याची गाय बघणार (खऱ्या गायीएवढी, दरवर्षी करतात, थंड कपाटात ठेवतात), काडीला टोचलेला पोर्क चॉप खाताना फोटो काढून घेणार, गवताच्या गठ्ठ्यांशेजारी उभं राहून भाषण करणार. वॉरनबाईंबरोबर सेल्फीसाठी मी पण रांगेत उभी राहिलेय. त्या रांगेत माझ्या पुढच्या दोघी सबंध वेळ हेच बोलत होत्या की बाई हुशार आहे, प्रत्येक गोष्टीचा प्लॅन आहे तिच्याकडे, पण विस्कॉन्सिनवाल्यांना (अटीतटीचं राज्य, २०१६ला थोडक्यात हातचं गेलेलं) चालेल का. सेल्फीच्या रांगेत! म्हणजे फोटो वॉरनबरोबर काढायचा आणि मत विस्कॉन्सिनला विचारून द्यायचं.

आमच्या आण्णांना (माझे वडील, सांगलीकडचे, जिल्हा परिषदेपासून लोकसभेपर्यंत कुणाला कधी तिकीट मिळालं नि कुणाचं कापलं सगळं तोंडपाठ) हे प्रायमरी प्रकरण व्हिडिओ कॉलवर समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

"म्हणजे तिकीट देतं कोण?"

"लोकच देतात आण्णा. आधी पक्षातल्या पक्षात मतदान होतं, राज्याराज्यात."

"आणि एबी फॉर्म?"

"तसलं काही नसतं इथं."

"मग हायकमांड काय करतं? आणि बंडखोरी करायची ती कुणाविरुद्ध?"

बंडखोर इथेही होतात म्हटलं, १९८०मध्ये जॉन अँडरसन रिपब्लिकन प्रायमरीत जमेना म्हणून अपक्ष उभा राहिला होता, साडेसहा टक्के मतं घेतली. त्यावर आण्णा जरा खूश झाले. पण त्यांचा मूळ प्रश्न काही बावळट नव्हता. आपल्याकडे "इलेक्टिव्ह मेरिट" बघायचं काम पक्षाचं. कोण निवडून येईल, कुणाच्या मागे किती गावं आहेत, कुणाकडे कारखाना आहे, जातीचं गणित काय, हे सगळं मुंबई-दिल्लीत बसून ठरतं आणि मतदाराला आयता उमेदवार मिळतो, आवडला तर द्या नाहीतर नोटा आहेच. अमेरिकेत पण पूर्वी असंच होतं. १९६८ला ह्युबर्ट हम्फ्रीनं एकही प्रायमरी लढवली नव्हती तरी शिकागोच्या अधिवेशनात त्यालाच उमेदवारी मिळाली, बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना झोडपत होते. त्यानंतर नियम बदलले, एक कमिशन नेमलं, आणि १९७२पासून उमेदवारी खऱ्या अर्थानं प्रायमरी-कॉकसमधल्या मतांवर ठरायला लागली. पुढाऱ्यांची बंद खोली गेली. पण त्या खोलीत बसून जी डोकेफोड चालायची ती काही गेली नाही, ती सगळी सामान्य मतदाराच्या गळ्यात पडली. आता आयोवातली एक रिटायर्ड शाळामास्तरीण घरी भांडी घासताना विचार करते की पेनसिल्वेनियातल्या कामगाराला कोण पटेल. हायकमांड घरोघरी झालं.

आणि पहिल्याच वेळेला काय झालं बघा. ज्या कमिशननं नियम बदलले त्याचा आधीचा अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न स्वतःच १९७२ला उभा राहिला. सगळे म्हणत होते एडमंड मस्की हाच निक्सनला टक्कर देणारा माणूस. लोकांनी मॅकगव्हर्नला उमेदवारी दिली आणि तो ५० पैकी ४९ राज्यं हरला, मॅसॅच्युसेट्स तेवढं मिळालं, वर राजधानी वॉशिंग्टन डीसी. त्या आपटण्याचा धसका पार्टीनं असा घेतला की आजही कुणी जरा डावं बोललं की म्हातारी मंडळी "मॅकगव्हर्न, मॅकगव्हर्न" करायला लागतात.

२००४ची गोष्ट इथले जुने लोक अजून रंगवून सांगतात. व्हरमॉन्टचा माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन, इराक युद्धाच्या उघड विरोधात, इंटरनेटवरनं पैसा गोळा करणारा पहिला मोठा उमेदवार, त्याच्यासाठी बाहेरच्या राज्यांतनं पोरं केशरी टोप्या घालून आयोवाच्या बर्फात दारोदार हिंडत होती. त्याच्यावर सगळ्यांचा जीव. आणि १९ जानेवारीला निकाल काय, तर जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८. तेव्हा एक घोषणा निघाली होती, बिल्ल्यांवर नि गाड्यांच्या मागे, "डीनबरोबर फिरलो, लग्न केरीशी केलं" अशा अर्थाची. आपल्याला हे वेगळं समजवायला नको, फिरायचं एकाबरोबर आणि घरी दाखवायचं ते स्थळ वेगळं. केरी हे स्थळ म्हणून खरंच नामी होतं, व्हिएतनाम युद्धात लढलेला, सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, तीन पर्पल हार्ट. समोर बुश, युद्धाचा काळ, पदकवाल्या माणसाला देशद्रोही कोण म्हणेल? ऑगस्ट आला आणि स्विफ्ट बोटवाल्यांच्या (व्हिएतनामात तसल्या बोटींवर असलेले, केरीच्या विरोधातले माजी सैनिक) जाहिराती आल्या, नेमक्या त्या पदकांवरच. ज्या गुणावर स्थळ पक्कं केलं तोच गुण सोलून काढला. ओहायो १ लाख १८ हजारांच्या आसपास मतांनी गेलं आणि त्याच्याबरोबर निवडणूक गेली.

मग २००८. हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा. इथे एक गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते, ती म्हणजे २००७च्या शेवटापर्यंत साउथ कॅरोलायनातले काळे मतदारसुद्धा मोठ्या संख्येनं हिलरीकडे होते. ओबामा आवडत नव्हता असं नव्हे. गोरे लोक याला मत देतील यावर त्यांचा विश्वासच नव्हता, आणि का असावा, त्यांनी या देशाला जास्त जवळनं बघितलंय. ३ जानेवारीला आयोवानं, नव्वद टक्क्यांच्या वर गोऱ्या आयोवानं, ओबामाला पहिला आणला. त्यानंतर तीनच आठवड्यांत साउथ कॅरोलायनात सगळं उलटं झालं. माणूस तोच, भाषणं तीच, अनुभव तेवढाच कमी. म्हणजे "निवडून येण्याची क्षमता" डिसेंबरात नव्हती आणि जानेवारीत आली? ती कुठे खिशात नसतेच, ती जिंकत गेलं की तयार होत जाते. मे महिन्यापर्यंत हिलरीबाई सांगत होत्या की कष्टकरी गोऱ्या लोकांमध्ये ओबामाचा पाठिंबा पातळ होत चाललाय. नोव्हेंबरात त्या माणसानं इंडियाना जिंकलं, व्हर्जिनिया जिंकलं, जी दोन्ही राज्यं डेमोक्रॅट्सना १९६४नंतर कधी मिळाली नव्हती.

रिपब्लिकन बाजूला तर हा अंदाज दर पिढीत एकदा सपशेल चुकतो. १९८०ला माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड जाहीरपणे म्हणाले होते की इतका उजवा माणूस राष्ट्रीय निवडणूक जिंकू शकत नाही. तो माणूस म्हणजे रोनाल्ड रेगन, ४४ राज्यं. २०१६ला ट्रंपबद्दल काय काय बोललं गेलं ते आपण सगळ्यांनीच ऐकलंय, त्यात त्याच्याच पक्षातली अर्धी मंडळी होती. आणि पलीकडे हिलरी, जिच्याबद्दल बर्नीवाल्यांना ऐकवलं जायचं की बाबांनो तुमचा म्हातारा स्वप्नं छान दाखवतो पण जिंकायचं असेल तर ही. मिशिगनच्या प्रायमरीत सगळ्या चाचण्या हिलरीला वीसेक टक्क्यांनी पुढे दाखवत होत्या आणि बर्नी जिंकला, तेव्हाच कुणीतरी कान टवकारायला हवे होते. नोव्हेंबरात देशभरात २८ लाखांहून जास्त मतं जास्त घेऊन ती हरली (इथे निकाल राज्यवार इलेक्टोरल मतांवर लागतो), मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्वेनिया तिन्ही मिळून ७८ हजारांच्या आत फरक. तेव्हापासून हे विस्कॉन्सिन लोकांच्या मानगुटीवर बसलंय.

आता इथे मला खरी खटकलेली गोष्ट सांगते. हिलरीच्या पराभवातनं धडा काय घ्यायचा? ती बाई होती, हे खरं. ती तीस वर्षं राजकारणात मुरलेली होती, तिनं २००२ला इराक युद्धाच्या ठरावाला मत दिलं होतं, पार्टीतले झाडून सगळे मोठे लोक तिच्यामागे होते, नाव घरोघरी माहिती होतं, हेही सगळं खरं. यातली कुठलीही गोष्ट पराभवाचं कारण म्हणून उचलता आली असती. पण माझ्या ओळखीपाळखीत, मंडळात, ऑफिसात, धडा एकच निघाला, "परत बाई नको". मुरलेला नको, इराकला मत दिलेला नको, असं कुणीच म्हणालं नाही. म्हणून तर जो बायडन, सत्तरी कधीच ओलांडलेले, छत्तीस वर्षं सिनेटमध्ये, इराक ठरावाला मत दिलेले, सगळ्यांना एकदम सेफ वाटले. पराभवाला दहा कारणं असतात, आपण त्यातलं आपल्याला आधीपासून मनात असलेलं तेवढं उचलतो आणि वर म्हणतो, मी नाही बुवा, लोक तसे आहेत.

२०१९च्या जूनमध्ये एका सर्व्हेत डेमोक्रॅट मतदारांना दोन प्रश्न विचारले होते. आज मत कुणाला द्याल? बायडन पहिले. आणि जादूची कांडी फिरवून कुणालाही थेट अध्यक्ष करता आलं तर? वॉरन पहिल्या. ऑगस्टमध्ये जिल बायडन न्यू हॅम्पशायरमध्ये साधारण हेच उघड बोलल्या, की तुमचा उमेदवार आरोग्यसेवेवर कदाचित जोपेक्षा चांगला असेलही, पण कोण जिंकेल ते बघा, थोडं गिळावं लागलं तरी गिळा. नवऱ्याचा प्रचार असा करणारी बायको मी तरी दुसरी पाहिली नाही. पण त्यांना मतदार बरोबर कळला होता, हे मान्य करायला लागेल.

आमच्या घरात नवरा कट्टर बर्नीवाला आणि मी वॉरनवाली. नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेजची सहा अटीतटीच्या राज्यांची चाचणी आली, त्यात ट्रंपसमोर बायडन थोडे पुढे, बर्नी जवळपास बरोबरीत आणि वॉरन मागे. सकाळी उठून बघते तर नवऱ्यानं लिंक पाठवलेली, शेजारच्या खोलीतनं. मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच लिंक, मग न्यू जर्सीच्या मैत्रिणीकडनं. वर्षभर आधीच्या चाचणीला काय अर्थ असतो वगैरे मी लिहीत बसले, पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासनं आमच्या इथली वॉरनची हवा जरा बसलीच. लोकांना कारण हवं होतं, ते आकड्यात मिळालं. जानेवारीत तर फारच झालं. बातमी आली की २०१८च्या डिसेंबरात दोघांच्या खासगी बोलण्यात बर्नी वॉरनला म्हणाले होते की बाई जिंकू शकणार नाही. वॉरन म्हणाल्या हो, म्हणाले होते. बर्नी म्हणाले छे, असं कसं म्हणेन. दुसऱ्याच दिवशी आमच्याच गावात, ड्रेक युनिव्हर्सिटीत डिबेट. त्यात वॉरननं हिशेब मांडला की या स्टेजवरच्या पुरुषांनी मिळून दहा निवडणुका हरल्यात, आणि एकही न हरलेल्या दोघीच आहेत, मी आणि एमी क्लोबुचर. आमच्या हॉलमध्ये मी उडी मारली. नवरा शांतपणे म्हणाला, "टाळ्या मस्त मिळाल्या, मतं बघू." त्या रात्री जेवण त्यानं गरम केलं.

३ फेब्रुवारी, सोमवार, कॉकसची रात्र. आमचा प्रीसिंक्ट (म्हणजे आमच्या वस्तीचं मतदान केंद्र) प्राथमिक शाळेच्या जिममध्ये. पार्किंगच्या कडेला बर्फाचे ढीग, आत बास्केटबॉलच्या रिंगखाली आम्ही सगळे, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तेव्हाचं आयोवाचं डेमोक्रॅटिक कॉकस म्हणजे गुप्त मतदान नव्हतंच. उमेदवाराच्या नावाच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. मोजणी व्हायची. साधारण पंधरा टक्क्यांखाली जो गट राहील तो बाद, त्यातल्या लोकांनी दुसरीकडे जायचं नाहीतर घरी. शेजारी, डेंटिस्ट, मुलांचा पियानो शिकवणारा, सगळे कुठे उभे आहेत ते दिसायचं. नवरा बर्नीच्या कोपऱ्यात आणि मी समोरच्या भिंतीला वॉरनच्या, मधे सगळं जिम.

पहिल्या मोजणीत आमचा गट तरला, बायडनचा चार-पाच डोक्यांनी बुडाला. देशात पहिल्या नंबरवर असलेला उमेदवार आमच्या जिममध्ये बाद! आणि मग सुरू झाली खरी मजा, कारण तरलेल्या गटातल्यांना हलता येत नव्हतं, पण बुडालेल्यांना ओढायला माणसं पाठवता येत होती. कुणी कुकीजचा डबा घेऊन निघालं, कुणी पोराला कडेवर घेऊन. मला आमच्या कॅप्टननं पिटाळलं एका आजींकडे, रिटायर्ड शिक्षिका, लोकरीची टोपी, हातात विणकाम. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाल्या, अगं मला एलिझाबेथच सगळ्यात आवडते, तिचा चाइल्डकेअरचा प्लॅन मी छापून फ्रिजवर लावलाय. म्हटलं मग या ना आमच्यात, आता तर तुमचा गट पण गेला, मोकळ्या आहात तुम्ही. तर त्या विणता विणता म्हणाल्या, "पण माझा भाऊ विस्कॉन्सिनात, केनोशाला असतो. तो तिला कधीच देणार नाही." म्हटलं, भाऊ तिकडे त्याचं मत देईलच की, हे तर तुमचं आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की या पोरीला अजून काही कळत नाही. दोन मिनिटांनी उठल्या, विणकाम पिशवीत टाकलं आणि बुटिजेजच्या कोपऱ्यात गेल्या. भावाला तो पोरगा बरा वाटतो म्हणे, सैन्यात होता.

मला चीड आली होती, पण नंतर घरी गाडी चालवताना वाटलं की ही बाई ढोंगी नाहीये. तिनं आपलं आवडतं माणूस सोडून दिलं ते ट्रंप जावा म्हणूनच. फक्त तिला सबंध विस्कॉन्सिनमध्ये माहिती असलेला मतदार एकच, तो भाऊ. आपल्या सगळ्यांचंच तसं असतं, कुणाचा भाऊ, कुणाचा सासरा, कुणाचा टॅक्सीवाला, आणि त्या एका माणसाला आपण कोट्यवधी लोकांचा चेहरा देऊन टाकतो.

निकालाचं तर त्या रात्री भजंच झालं, आकडे कळवायचं अ‍ॅप बंद पडलं, फोन लागेनात, आठवड्यांनी कळलं की बुटिजेज आणि बर्नी डेलिगेटच्या (उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींच्या) हिशेबात केसभर अंतरानं एकमेकांशेजारी, एकूण मतांत बर्नी पुढे, बायडन चौथे. न्यू हॅम्पशायरमध्ये बायडन पाचवे! "सगळ्यात जास्त निवडून येऊ शकणारा" माणूस निवडूनच येत नव्हता. नेवाडा बर्नीनं धुऊन नेलं आणि आमच्या घरात मला फार ऐकून घ्यावं लागलं.

आणि मग साउथ कॅरोलायना. २६ फेब्रुवारीला तिथले वजनदार काळे खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला, आम्ही जोला ओळखतो आणि जो आम्हाला ओळखतो, एवढंच साधं वाक्य. २९ला बायडनना ४८ टक्क्यांच्या वर मतं. पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचर दोघेही बाहेर पडून डॅलसमध्ये बायडनशेजारी उभे, ३ मार्चला चौदापैकी दहा राज्यं. न्यूयॉर्कचे अब्जाधीश माजी महापौर मायकेल ब्लूमबर्गनी "मीच ट्रंपला हरवू शकतो" यावर शंभर कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला होता, त्यांना अमेरिकन सामोआ मिळालं, बेट छान आहे म्हणतात.

साउथ कॅरोलायनातल्या त्या काळ्या आजी-आजोबांच्या मताकडे मी आयोवातल्या चर्चेपेक्षा वेगळं बघते. आमच्याकडचा इलेक्टिव्ह मेरिटचा हिशेब हा जरा ऐषारामातला हिशेब होता, निकाल काहीही लागला तरी आमचं फार काही बिघडणार नव्हतं. त्यांचं बिघडणार होतं, मतदानाच्या हक्कापासून सगळं. गोरा मतदार काय सहन करतो आणि काय नाही हे त्यांना चाचणीतनं कळायची गरज नाही. नोव्हेंबरात बायडन जिंकले, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन तिन्ही मिळून ४३ हजारांच्या आसपास मतांनी. एवढ्याशा फरकात वॉरन जिंकली असती असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नवरा मात्र बर्नीबद्दल म्हणतो, अजूनही.

आणि हा अंदाज सगळाच थोतांड आहे असं म्हणावं तर २०२२ आठवतं. मिशिगनमध्ये रिपब्लिकन प्रायमरीत पीटर मायर हा मवाळ खासदार आणि समोर ट्रंपचा माणूस जॉन गिब्ज. डेमोक्रॅट्सच्या काँग्रेस समितीनं चक्क गिब्जला मदत होईल अशा जाहिरातींवर चार लाख डॉलरच्या वर खर्च केले, कारण तो नोव्हेंबरात पडेल याची त्यांना खात्री. गिब्ज प्रायमरी जिंकला, नोव्हेंबरात पडला. लोकशाही वाचवा म्हणत असली कामं करणं मला तरी शोभलं नाही वाटत, पण हिशेब बरोबर निघाला हे नाकारून कसं चालेल. खासदारकीच्या लहान मतदारसंघात, जिथे लोक उमेदवाराला फारसे ओळखत नाहीत, तिथे टोकाचा माणूस महाग पडतो. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत वर्षभर तोच चेहरा दिसत राहतो आणि लोकांना कशाचीही सवय होते.

मिशिगनवरनं आपले श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेला माणूस, २०१८ला गव्हर्नरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचे कोट्यवधी रुपये नव्हे डॉलर ओतले आणि तिसरे आले, ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. तेव्हा आमच्या ग्रुपवर पण म्हणत होते, नाव घेता येत नाही लोकांना, ॲक्सेंट असा, कोण निवडून देणार. २०२२ला डेट्रॉइटच्या काँग्रेसच्या जागेसाठी प्रायमरीत नऊ जण, बाकीच्यांची मतं फुटली आणि हे २८ टक्क्यांवर बाजी मारून गेले. दुसरी फेरी नसतेच तिथे. काळ्या बहुसंख्य शहराला सुमारे सत्तर वर्षांत पहिल्यांदाच काळा खासदार उरला नाही, त्यावरनं तिकडे नाराजीही झाली. आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मतविभागणी. हे तर मला पहिल्यांदाच सांगायचं, एवढं काय अमेरिकेचं कौतुक लावलंस."

२०२४ला मात्र कमालच झाली. २०२३च्या ऑक्टोबरात मिनेसोटाचा खासदार डीन फिलिप्स उभा राहिला आणि एकच गोष्ट बोलत होता, बायडन हरणार आहेत, वय झालंय, चाचण्या बघा. म्हणजे शुद्ध इलेक्टिव्ह मेरिट, त्यात भेसळ नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये वीसेक टक्के मिळाले, बाकी सगळीकडे आपटला. चार वर्षं ज्या पार्टीनं कोण निवडून येईल याशिवाय दुसरं काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं तिला त्या वेळी तो प्रश्न विचारणं म्हणजे गद्दारी वाटली. जूनमध्ये ट्रंपबरोबरच्या डिबेटमध्ये बायडन पार अडखळले, २१ जुलैला बायडन बाहेर. मग हॅरिसबाईंना प्रायमरीच नाही मिळाली, मिळाली असती तर त्या तावूनसुलाखून निघाल्या असत्या का पहिल्याच राज्यात गारद झाल्या असत्या, कुणास ठाऊक. तिकडे निकी हेली सांगत होती की बायडनला माझ्याइतकं आरामात कुणी हरवणार नाही, चाचण्याही तसंच म्हणत होत्या, आणि रिपब्लिकन मतदारांनी तिला व्हरमॉन्ट आणि डीसी देऊन घरी पाठवलं. त्यांनी आपल्याला हवा तोच माणूस घेतला आणि ३१२ इलेक्टोरल मतं मिळवली. यावरनं कुणी काय शिकायचं ते शिका, मला अजून नीट जमलेलं नाही.

आमचं पहिलेपण तर गेलंच. डेमोक्रॅट्सनी २०२४ला साउथ कॅरोलायना पहिलं केलं, आयोवाला पोस्टानं मतं पाठवायला सांगितली. जिम नाही, कोपरे नाहीत, कुकीज नाहीत. त्या विणकामवाल्या आजी मला २०२०च्याच थँक्सगिव्हिंगनंतर ग्रोसरीच्या दुकानात भेटल्या होत्या, मास्क लावून. डोळ्यांवरनं ओळखलं. मी अगदी न राहवून विचारलं, भावानं शेवटी दिलं कुणाला? म्हणाल्या, "विचारलं नाही गं. फोनवर फक्त टर्कीची चौकशी केली. उगीच कशाला."

आणि आता २०२८ची चर्चा सुरू झालीच आहे. न्यू जर्सीची मैत्रीण परवा फोनवर एकेक नाव घेत होती. व्हिटमर चांगली आहे, पण बाई. पेनसिल्वेनियाचा शपिरो चांगला आहे, पण ज्यू. बुटिजेज काय बोलतो गं, पण गे. न्यूसम दिसायला राष्ट्राध्यक्ष, पण कॅलिफोर्नियाचा. यातलं एकही "पण" तिचं स्वतःचं नाही, हे मला पक्कं माहितीये, तिच्या घरी दिवाळीला कोण कोण येतं ते मी बघितलंय. शेवटी म्हटलं, बाई गं, तुला स्वतःला यातला कोण हवाय ते सांग ना. जरा थांबली, म्हणाली, मी तसा अजून विचारच नाही केला. मग लगेच, "बरं ते असू दे, तुझी ती मिशिगनची मावसबहीण काय म्हणते?"